मागच्या सीटवरची आई

हेमा गेल्याचं मला कळलं, ते ती कामावर आली नाही म्हणून. सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना एका अनोळखी नंबरवरून सारखा फोन येत होता. शेवटी बाहेर जाऊन उचलला. पलीकडे हेमाच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी होती. माझं नाव तिला ठाऊक नव्हतं, हेमाने शिकवलेलं 'काकू' तेवढं ठाऊक होतं; हेमाला ही मुलं 'मावशी' म्हणायची. "काकू, मावशी इज नॉट हिअर. हर कार इज नॉट हिअर. शी इज ऑल्वेज हिअर." मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. म्हटलं खरं, पण अमेरिकेतल्या आमच्या या चँडलर शहरात त्या वेळी कसलं आलंय ट्रॅफिक... तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी लॅपटॉप तसाच टाकून निघाले. हेमा पलंगावर होती, कुशीवर, चष्मा उशीपाशी. झोपेतच हार्ट अटॅक आला, असं डॉक्टर म्हणाले. भाग्यवान हो, त्रास झाला नाही, असं नंतर कितीजणांनी म्हटलं. मला मात्र तिचा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. इतक्या पोरांना घरातून सांगून कसं निघायचं ते शिकवणारी बाई स्वतः मात्र कोणाला काही न सांगता निघून गेली.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीतली. कोणाची तरी मुलगी कम्युनिटी कॉलेजला गेली, हे एक काकू असं आवाज खाली आणून सांगत होत्या, जणू पोरगी तुरुंगात गेली. शेजारी पुरी तोडत बसलेली एक बाई म्हणाली, "मी तिथेच नोकरी करते. या एकदा, कँटीनचा चहा पाजते." ही हेमा. जळगावची. नवऱ्याला टेक्सासला नोकरी लागली तेव्हा ही गेली नाही, आणि तो पुढे तिकडचाच झाला, असं ती हसत सांगायची. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, घराजवळचं, परवडणारं कॉलेज. तिथली दोन वर्षं पदरात पाडून घ्यायची आणि उरलेल्या शिक्षणासाठी मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं, याला इथे ट्रान्सफर म्हणतात. हेमा ट्रान्सफरची कौन्सेलर होती. कुठला विषय पुढे धरला जाईल, अर्ज कुठे आणि कधी करायचा, हे मुलांना सांगणं हे तिचं पगाराचं काम.

पगाराबाहेरचं काम त्याहून मोठं होतं. तिच्याकडे येणारी मुलं मेक्सिकन, कृष्णवर्णीय, नवाहो या इथल्या मूळ आदिवासी जमातीची, आणि अलीकडे आपलीही. त्यांतली काही समलिंगी, काही ट्रान्स. आपल्याकडे लोकांना वाटतं, अमेरिकेत काय, सगळं मोकळं. हेमा म्हणायची, मोकळं असेल ते गोऱ्यांच्या घरात. या पोरांचं घर, भाषा, देव, आजी, सगळं एकाच छपराखाली. छप्पर सोडलं तर सगळंच जातं, नाही सोडलं तर जीव गुदमरतो. म्हणून ट्रान्सफर हा त्यांचा एकुलता एक दरवाजा. पुढे शिकायला लांब जातो म्हटलं की कुठलीच आई चटकन नाही म्हणत नाही. मंडळातल्या बायका तिला विचारत, "तुझ्या घरात कोणी आहे का तसं? तुला एवढं काय पडलंय?" ती म्हणे, "माझ्या घरात कोणीच नाही, म्हणून तर वेळ आहे."

या मुलांसाठी कॉलेजात एक खोली होती. जुना सोफा, मायक्रोवेव्ह, भिंतीवर कुठल्या युनिव्हर्सिटीत राहायला कशी सोय आहे त्याची माहिती. मग वारं फिरलं. एका गटासाठी वेगळी खोली चालणार नाही असं वरून आलं, आणि बघता बघता त्या खोलीत प्रिंटर आले. हेमा भांडली, पण नोकरी सांभाळून भांडायचं म्हणजे एका हाताने टाळी वाजवायची. तेव्हा तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीत बसायला सुरुवात केली. "माझ्या सुट्टीत माझ्या गाडीत कोण बसतं हे मला कोण विचारणार?" कॉलेजच्या पार्किंगमध्ये, सोलर पॅनलच्या सावलीत, एसी लावून ती बसायची आणि एकेक मूल येऊन शेजारी बसायचं. मी नागपूरच्या उन्हात वाढलेली, पण इथल्या उन्हापुढे मीही हात टेकले आहेत. गाडीत कायम चिवड्याचा डबा असायचा. उन्हाचा एवढाच फायदा, ती म्हणायची, चिवडा सादळत नाही. गाडी चालू असायची पण जागची हलायची नाही. त्याचं कारण मुलांचे फोन. बहुतेकांच्या आईवडिलांनी त्यांत मूल कुठे आहे ते दाखवणारं ॲप घातलेलं. नकाशावरचा ठिपका कॉलेजबाहेर सरकला की घरून विचारणा. त्यामुळे सगळी सुटकेची बोलणी त्या उभ्या गाडीत, काचा बंद करून व्हायची.

हेमाची एक पद्धत होती. नुसता सल्ला द्यायची नाही, सराव करून घ्यायची. घरी जे सांगायचं ते आधी गाडीत सांगून बघायचं. आई कोण होणार, हा प्रश्न होता. एक दिवस तिने मला फोन केला. "अलके, तुझं ऑफिस जवळ आहे आणि तू भांडखोर आहेस. तुला आई जमेल." मला मागे बसवलं. मी म्हटलं, मागे का? तर म्हणाली, "आया मागूनच बोलतात. आणि पोरांना समोर काच दिसू दे, तुझं तोंड नको." झालं. मी मागून सुरू केलं. पहिला मुलगा मेक्सिकन होता. मी इंग्रजीत काहीबाही बोलले, ते मलाच नाटकी वाटलं. हेमा म्हणाली, मराठीत बोल. मग मी सुटले. लोक काय म्हणतील, बापाने रक्ताचं पाणी केलं, याचसाठी का आणलं तुला इथवर... त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण डोळे भरून आले. "दॅट्स हर," तो म्हणाला, "दॅट्स एक्झॅक्टली माय मॉम." पुढे माझी मागणी वाढली. मी नवाहो मुलीची आई झाले, फिलिपिनो मुलाची झाले, सगळ्यांची मराठीतच. फक्त एक नियम होता, आईने विरघळायचं नाही. कधीतरी समोरचं पोर बघून माझा आवाज मऊ व्हायचा, तर हेमा लगेच थांबवायची. "सराव वाईट दिवसाचाच करायचा. चांगल्या दिवसाला सराव लागत नाही."

ईशान आमच्याकडे आला तेव्हा मी पहिल्यांदा कचरले, कारण त्याची खरी आई, सुवर्णा, माझ्या ओळखीची होती. आमच्याच गल्लीतली, मनाने सरळ, अबोल बाई. दोघांचीही नावं मी बदलली आहेत, आणि सुवर्णाला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, त्याला मराठी वाचता कुठे येतं. ईशान मुलगी म्हणून जन्मला, आणि तो मुलगा आहे हे त्याला फार लवकर कळलं. घरी मात्र कोणाला ते माहीत नव्हतं. तो अडकला होता सगळीकडून. वडिलांच्या वर्क व्हिसावर चौथ्या वर्षी पुण्याहून आलेला. ग्रीनकार्डाची रांग संपत नव्हती, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की मुलं आईवडिलांच्या व्हिसावरून उतरतात. मग युनिव्हर्सिटीत प्रवेश घेऊन स्वतःचा विद्यार्थी व्हिसा, नाहीतर परत पुणं. व्हिसासाठी खर्चाच्या हमीवर वडिलांची सही हवी. घरच्यांना वाटत होतं त्याने घरून ये-जा करत इथेच शिकावं. त्याला शंभरेक मैलांवरच्या टूसॉनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहात मुलगा म्हणून राहता येणार होतं.

हेमाने त्याला स्पष्ट सांगितलं. "वडिलांची सही झाल्यावर सांगितलंस तर तो जुगार नाही, पण त्यांना फसवल्यासारखं होईल. आधी सांगितलंस तर सही जाऊ शकते. मी ठरवणार नाही." तो दोन आठवडे गाडीकडे फिरकला नाही. मग आला आणि म्हणाला, "आधी सांगतो. आय डोन्ट वॉन्ट टू लीव्ह लाइक अ चोर." मग सराव. मी मागून विचारायची, "आम्ही काय कमी केलं तुला? हे त्या कॉलेजात शिकवतात का?" तो उत्तर द्यायचा, अडखळत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. मी विचारायची, "आणि आजीला काय सांगू मी?" तिथे तो दरवेळी अडायचा. पुण्याच्या आजीवर त्याचा जीव. हेमा म्हणायची, "पुन्हा." मी पुन्हा आजी काढायची. एका दुपारी तो काचेतून समोर बघत म्हणाला, "आजीला मी सांगेन. तू फक्त तेव्हा माझ्या शेजारी बस." हेमाने चिवड्याचा डबा त्याच्यापुढे धरला.

त्या शनिवारी त्याने सांगितलं. सुवर्णा ओट्याशी मेथी निवडत होती. आम्ही त्याच्याकडून रडणाऱ्या आईची तयारी करून घेतली होती, ओरडणाऱ्या, शपथा घालणाऱ्या, पुण्याचं तिकीट काढते म्हणणाऱ्या आईची. सुवर्णा काहीच बोलली नाही. मेथी निवडून झाली, धुऊन झाली, चिरून झाली. तो सगळी उत्तरं घेऊन तिथे उभा. सोमवारी गाडीत येऊन म्हणाला, "मावशी, शी डिडन्ट से एनिथिंग. मी कशाला आन्सर करू?" तो गेल्यावर हेमा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. "भांडणाऱ्या आईला सगळं सांगता येतं गं. गप्प आईचं काय करायचं ते मलाच येत नाही." वडिलांनी आठवड्याने सही केलेले कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले. ऑगस्टमध्ये हेमानेच त्याला टूसॉनला सोडलं. दोन बॅगा. निघताना सुवर्णा आत होती, नळ सोडून.

तो सुटला असं आम्हाला वाटलं होतं. पण दिवाळीच्या सुमारास मी त्याला फोनवर विचारलं, ते ॲप काढून टाकलंस की नाही? म्हणाला, "नाही, काकू. आई बघत असेल. काढलं तर तिला वाटेल मी खरंच गेलो." आईचा फोन नाही, याचा नाही, आणि मध्ये तो एक ठिपका.

आणि मग हेमाच गेली. तिचा भाऊ जळगावहून बोलला, गाडी तेवढी विकून टाका. मी गाडी आणून आमच्या दारात लावली. परवाच्या रविवारी सुवर्णा आली. चहा नको म्हणाली. "तुम्ही त्या गाडीत बसायचात ना? मला दाखव." ईशानने कधीतरी बापाला सांगितलेलं तिच्यापर्यंत आलं होतं. मी तिला सांगितलं, हेमा इथे, तो इथे, मी मागे. ती गुपचूप मागे जाऊन बसली. मी पुढे त्याच्या जागी बसले, हात लांबवून गाडी चालू केली, एसी लावला. तिने फोन काढून बघितला. "लायब्ररीत आहे आत्ता," म्हणाली. मग विचारलं, "तू माझ्या जागी त्याला काय म्हणायचीस?" मी सांगितलं. काही गाळलं नाही. "आणि तो?" तेही सांगितलं, आजीपाशी अडायचा ते, आणि शेवटी काय म्हणाला ते. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. मला वाटलं, आता उतरून जाईल.

"आजीला मी सांगितलं, अलका," ती म्हणाली. "तो गेला त्याच महिन्यात."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता थोडे दिवस मला फोन करू नकोस. मग चार दिवसांनी स्वतःच केला. विचारलं, पोर जेवतं ना नीट?"

"मग ईशानला का नाही सांगितलंस? त्याने किती..."

"कसं सांगू?" ती म्हणाली. "त्याच दिवशी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मग दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. आता इतके महिने झाले, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. तू त्याचा सराव घेतलास ना? माझा घे. तू ईशान हो."

मी आजवर किती पोरांची आई झाले होते, पोर कधी झाले नव्हते. समोर काच होती, पलीकडे आमच्या गॅरेजचं बंद दार. मी म्हटलं, "हॅलो, आई?" मागून काही आलं नाही. पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "इथून नाही जमत. पुढे येते." तिने दार ओढलं. हेमाच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही, मलाही दरवेळी हेमाच बाहेरून उघडून द्यायची. ती ओढत राहिली. मी उतरले, फिरून गेले आणि बाहेरून दार उघडलं. सुवर्णा पुढे येऊन हेमाच्या जागेवर बसली, माझ्याकडे बघत.

त्या दिवशी एवढंच झालं. काल ती परत आली, 'ईशान, मी आई बोलतेय,' इथवर पोचली आणि थांबली. खरा फोन तिने अजून केलेला नाही. हेमाचा भाऊ विचारतो, गाडीला गिऱ्हाईक मिळालं का. मी त्याला सांगितलं, गाडी अजून वापरात आहे.