म्हात्रे साहेब बोनससाठीच थांबले होते

गेल्या मंगळवारी दहा महिन्यांनी महापेच्या आमच्या जुन्या ऑफिसात गेले. आमची एअरलाइन बुडाल्यापासून त्या रस्त्याला जायचंच टाळत होते...

तिथे मी बारा वर्षं विमानांची टेक्निशियन होते. कंपनी दिवाळखोरीत गेली, चार महिन्यांचे पगार अडकले आणि मी तुर्भ्याच्या एका गोदामात पॅकिंगवर देखरेख करायला लागले.

त्याच सुमारास कळलं, की शेवटपर्यंत थांबणाऱ्या बड्या साहेबांना रिटेन्शन बोनस मिळणार. सोडून जाऊ नये म्हणून वेगळे पैसे! त्यात आमचे इंजिनिअरिंगचे प्रमुख म्हात्रे साहेबही होते. करावे गावचे, हेल्परपासून वर आलेले, आमच्यातलेच वाटणारे... म्हणून जास्त लागलं.

मी आमच्या जुन्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'विमानं जमिनीवर, साहेब हवेत.' सत्तर जणांनी हसून दाद दिली. खरं सांगते, तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता एका नव्या विमान कंपनीतून मला बोलावणं आलं. त्यांना माझ्या बारा वर्षांच्या कामाचा सहीशिक्क्याचा रेकॉर्ड हवा होता. तो नसेल तर आमच्या कामात अनुभव शून्य. मेल केले, फोन केले, कोणी उचलेना. शेवटी रजा टाकून स्वतःच गेले.

अख्खा मजला रिकामा, एसी बंद. एका कोपऱ्यात म्हात्रे साहेब, बाह्या वर करून, फायलींच्या खोक्यांमध्ये बसलेले.

"ये सुप्रिया. आडनावाप्रमाणे चाललंय, तुझा नंबर पुढच्या आठवड्यात होता. आलीच आहेस तर तुझं आधी करू."

रेकॉर्ड सांभाळणारी माणसं कधीच सोडून गेली होती. सातशे जणांच्या फायली साहेब एकटे जुळवत होते. बुडालेली कंपनी विकायचं काम बघणाऱ्यांनी हे करायला त्यांना सांगितलेलंही नव्हतं.

माझ्या फायलीत मधल्या एका वर्षाची पानंच नव्हती. साहेबांनी डोळे मिटून ते वर्ष आठवलं. मग म्हणाले, "त्या वर्षी तू बाळंतपणाहून परत आली होतीस. जड काम नको म्हणून तुला चाकं-ब्रेकच्या वर्कशॉपला टाकलं होतं. तिकडचं खोकं बघ."

आम्ही दोघं फरशीवर बसून दीड तास खोकी उपसत होतो. पानं तिथेच सापडली.

मग मला राहवेना. "सर, ग्रुपवर तो मेसेज..."

"माहितीय. फिरत फिरत घरी आला, बायकोनेच वाचून दाखवला. हसून हसून वेडी झाली ती."

माझी मान वर होईना. साहेब घरच्या बोलीत म्हणाले, "खोटा कशाला बोलू? पैशांसाठीच थांबलो. मना पन घर हाय. पन थांबलोच हाय, तर हात बांधून कशाला बसू?"

"पण सर, आमचे पगार..."

"तो राग बरोबर हाय तुझा. तो ठेव."

एवढं बोलून ते सह्या करायला लागले. एकेक पान वाचून, मग सही.

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, 'म्हात्रे साहेब रोज दहा ते सहा महापेला असतात. आपापले रेकॉर्ड जाऊन घ्या. कँटीन बंद आहे, जाताना त्यांच्यासाठी डबा न्या.'

शुक्रवारी साहेबांचा फोन. "अगं, आज नऊ डबे आलेत! आणि चौघं जण खोकी लावायला बसलेत. घरी जा म्हटलं तर ऐकत नाहीत."

पगार अजून अडकलेलेच आहेत. साहेबांना बोनस आणि आम्हाला तारखा, हे मला आजही पटत नाही... पण साहेब पटले.

सोमवारपासून मी पुन्हा विमानांवर काम करतेय. थँक यू, सर.