तात्यांचा फुगलेला हात

सरकारी सुई टोचून घेण्याची हौस असलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो पणदऱ्यात आमच्या शेजारी राहत होता. देवीची लस टोचणारा आला की पोरं उसात पळत, बाया दारं लावून घेत आणि आमचे शेजारचे तात्या अंघोळ करून, धुतलेली बंडी घालून चावडीपुढं जाऊन बसत. पटकीची सुई आली, ती त्यांनी घेतली. एकदा गुरांचा डॉक्टर आला, तर बैलांचं उरकल्यावर तात्यांनी आपलीच बाही वर केली. डॉक्टरांनी हात जोडले म्हणून ते वाचले. "सरकार एवढं लांबनं येतंय, त्याला तसंच माघारी कसं लावायचं?" असं त्यांचं म्हणणं असे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा क्षयाच्या लशीची गाडी गावात आली. तिची तऱ्हाच वेगळी होती. आधी हातावर चाचणीची बारीक सुई द्यायची आणि तिसऱ्या दिवशी हात बघायचा. जागा फुगली तर क्षयाचे जंतू कधीतरी अंगात शिरलेले, म्हणून लस नाही. फुगली नाही तर लस. तात्यांचा हात सपाट निघाला. याचा त्यांना आधी अपमान वाटला, पण लस मिळणार म्हटल्यावर राग गेला. शाळेत मास्तर असलेल्या मलाही ते ओढून घेऊन गेले, शिवाय निम्मी आळी बरोबर. पुढं कित्येक दिवस ते दंडावरची खपली येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या लेकीचं, शेवंताचं लग्न इंदापूर तालुक्यात, निरवांगीला ठरलं. तारीख धरायला तात्या तिकडं गेले, तर तीच गाडी तिथं उभी आणि पुढं यायला कुणी तयार नाही. हे तात्यांना बघवेना. त्यांनी सगळ्यांदेखत हात पुढं केला आणि तो दाखवण्यासाठी पाहुणा म्हणून मुक्काम वाढवला. तिसऱ्या दिवशी हातावर लिंबाएवढं लालभडक टेंगूळ. तात्या हरखले. "बघा, औंदा आलं," म्हणत गावभर हिंडले. ते व्याह्यांच्या दारात पोचायच्या आधी बातमी पोचली होती की नवरीच्या बापाला क्षय आहे. त्या काळी या रोगाचं नुसतं नाव निघालं तरी माणसं घर टाळत. होणारे व्याही, म्हणजे आबा, भला माणूस. त्यांनी चहा दिला, पण कपबशी नंतर आत गेली नाही, अंगणात उन्हात ठेवली गेली. "तात्या, लगीन जरा लांबवू," ते खाली बघत म्हणाले. तेव्हा कुठं तात्यांचा चेहरा उतरला.

दोघंही लशीच्या गाडीतल्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर वैतागले. "आधी लस घेतलीय हे सांगायचं नाही का? लस घेतलेल्याचा हात फुगतो. तो लशीनं फुगला की रोगाच्या जंतूनं, हे नुसत्या हातावरून सांगता येत नाही. तुम्हाला खोकला नाही, ताप नाही, मला तर तुम्ही ठणठणीत दिसता." एवढ्या बोलण्यातलं आबांनी फक्त 'सांगता येत नाही' तेवढं घेतलं.

तात्या तडक गावी आले आणि माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, चला. निरवांगीला हात फुगवायला जायचंय." गेल्या वर्षी लस घेतलेली सगळी आळी त्यांनी बैलगाडीत भरली. आम्हाला बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, एकेकाला सुई दिली. हात बघेपर्यंत नवरीवाचूनचं ते वऱ्हाड आबांच्याच ओसरीवर पडून होतं आणि त्यांच्याच भाकरी खात होतं. ठरल्या दिवशी आम्ही पारावर बाह्या सारून ओळीनं बसलो. बाजारात वांगी दाबून बघावीत तसा आबांनी एकेक हात दाबून बघितला. सगळे फुगलेले, माझाही. फक्त आमच्या शिंप्याचा सपाट.

"ह्याचा का न्हाय?" आबांनी विचारलं.

शिंप्यानं मान खाली घातली. "मी लशीच्या टायमाला मागल्या दारानं पळालो हुतो. हितं जेवण मिळंल म्हणून गाडीत बसलो."

आबा कितीतरी वेळ त्या सपाट हाताकडं बघत राहिले. मग हसायला लागले. "म्हंजी ज्यानं घेतली, त्याचंच फुगतंय व्हय? तात्या, धरा तारीख."

लग्न थाटात झालं. शेवंता सासरी निघाली तेव्हा सगळे रडत होते आणि तात्या पार गाडीच्या पलीकडं, बैलांजवळ उभे होते. लेकीनं दोनदा वळून बघितलं, पण ते काही पुढं आले नाहीत. मला ते फार लागलं. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं.

"आबाला पटलं, मास्तर," ते म्हणाले. "मला न्हाय पटलं. डॉक्टर म्हणला, सांगता येत न्हाय. म्हणलं, असलाच तर? पोरीला कशाला? लगीन होईस्तवर बैलांवर ध्यान ठेवतो म्हणून गोठ्यात निजलो, तितंच जेवलो. ती ताट घेऊन यायची, मी म्हणायचो, ठिव तितं अन् जा." मग बाही खाली ओढत म्हणाले, "तिला वाटलं असंल, बाप रागावलाय."

पुढं तात्या चांगले म्हातारे झाले. त्यांना क्षय तर सोडाच, कधी साधा खोकलासुद्धा झाला नाही. शेवंता माहेरी आली की ते तिचं ताट ओढून आपल्या ताटाला लावून घेत, आणि तिचं जेवण होईपर्यंत काही ना काही निमित्त काढून पानावरून उठत नसत.