चारशे ओळींची फाइल आणि शेंद्र्याचा पंखा

मी लिंकर लिहिते. हे वाक्य मी आमच्या शहरात फारसं कुणापुढं बोलत नाही, कारण पुढचा अर्धा तास समजावण्यात जातो. प्रोग्राम एका दमात तयार होत नाही, आधी त्याचे सुटे तुकडे तयार होतात. ते तुकडे गोळा करायचे, चिपच्या आत कुणी कुठल्या पत्त्यावर राहायचं ते ठरवायचं आणि सगळ्यांची मिळून एक फाइल करायची, हे काम लिंकरचं. कुणी कुठं राहायचं हे गिऱ्हाइकाला स्वतःच ठरवायचं असेल, तर तो ते एका फायलीत लिहून देतो. तिला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. आमच्या लिंकरला ती वाचताच येत नव्हती. ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, देवगाव रंगारीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘‘बैठक व्यवस्था म्हण ना सरळ. परीक्षेला बाकांवर नंबर टाकतो तशी.’’ मला चार वर्षं इंजिनिअरिंग करून जे नीट सांगता येत नव्हतं ते यांनी भाजी निवडता निवडता उरकलं, याचा मला रागच आला. राग मला लवकर येतो. माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, गुरुजींना लग्नानंतर कळलं.

खरं सांगायचं तर कळायला तसा वेळच मिळाला नव्हता. तीन वर्षं मी पुण्यात नि ते देवगावला, असा आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला. आठ महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीनं इथं आमच्या शहरात, सिडको वसाहतीत दोन खोल्यांचं ऑफिस काढलं, मी हट्टानं बदली मागून घेतली आणि आम्ही पहिल्यांदा एका घरात राहायला लागलो. भांडायला शनिवारची वाट बघावी लागत नाही, हे सुख काय असतं ते वेगळं राहिलेल्यांनाच कळेल.

पण ते ऑफिस काढलं होतं एका गिऱ्हाइकासाठी, शहराबाहेर शेंद्र्याला असलेल्या एका कारखान्यासाठी. कांद्याच्या चाळीत हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांचे कंट्रोलर ते बनवतात. पुण्याच्या आमच्या साहेबांनी व्हिडिओवर गोड आवाजात सांगितलं, ‘‘शेंद्र्याचं जमलं तर तिथलं ऑफिस राहील. नाही जमलं तर बंद करू, तू परत ये. तुझी जागा इथं आहेच.’’ जणू बक्षीस देत होते. मी ‘हो सर’ म्हटलं आणि कॅमेरा बंद करून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कारखान्यातले सगळे प्रोग्राम एका माणसाच्या हाताखालून जायचे. वैजापूरकडचे, घरची शेती असलेले, निवृत्तीला आलेले एक इंजिनिअर. त्यांना सगळे नुसतं ‘काका’ म्हणत. काकांनी कधीकाळी चारशे ओळींची लिंकर स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिच्यावर आजवर कारखाना चालला होता. पहिल्याच भेटीत मी म्हटलं, काका, ही फाइल थोडी सुटसुटीत करून घेऊ, मग आमच्या लिंकरला सोपं जाईल. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘मॅडम, लिंकर तुमचा हाय ना? मग बदलायचं ते त्याच्यात बदला. फायलीला हात लावायचा नाय. एक अक्षर नाय.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पुण्यात तीन वर्षं काढलेली ती महिला वसतिगृहाची खोली परत डोळ्यांपुढं आली आणि मी फाइल घेऊन मुकाट घरी आले.

काय होती ती फाइल. त्या भाषेत एक नुसतं टिंब असतं, त्याचा अर्थ ‘आपण आत्ता ज्या पत्त्यावर उभे आहोत तो’. तुकडा बसवला की टिंब आपोआप पुढं सरकतं, आणि आपणही त्याला ढकलू शकतो. काकांनी त्याला इतक्या वेळा ढकललं होतं, की ते बिचारं दमलं असेल. वर जागोजागी मराठीत शेरे. एका ठिकाणी, ‘इथं मोजून चार बाइट सोडले आहेत. का ते आठवत नाही. काढले की बंद पडतं.’ दुसरीकडं, ‘हे चूक दिसतं पण बरोबर आहे.’ सगळ्यात वर एका ओळीला ‘कीप’ असा शब्द लावलेला, आणि शेरा, ‘हे राहू द्या. कारण विचारू नका.’

मी दीड महिना त्या फायलीशी भांडले. आज हा शब्द शिकवला की उद्या तो अडायचा. कारखान्याच्या जुन्या लिंकरच्या माहितीपुस्तकात बघावं तर तिथं अर्ध्या ठिकाणी मोघम लिहिलेलं. गुरुजी रोज संध्याकाळी शाळेतून आले की विचारायचे, ‘‘किती ओळी झाल्या?’’ मी म्हणायचे, दोनशे. दोनशे साठ. एकदा तर दोनशे साठवरून दोनशे दहावर आले, तेव्हा त्यांनी चहा टाकला. मनातून मला भीती वाटत होती. आमच्या फ्रिजवर दोघांच्या जेवणाची यादी चिकटवलेली होती, तिच्याकडं बघायचंही मी टाळायचे.

‘कीप’ शब्द अगदी सुरुवातीला आला, त्या दिवशी मी वैतागलेली होते. कारण विचारू नका म्हणे. मी लिंकरला इतकंच शिकवलं, की हा शब्द दिसला तर अडू नकोस, पुढं जा. त्यानं नेमकं काय करायचं ते नंतर बघू. ते ‘नंतर’ काही आलं नाही. चारशेच्या चारशे ओळी पार झाल्या, कारखान्यानं चाचणीसाठी दिलेला माझ्या टेबलावरचा पंखा फिरला आणि आम्ही दोघांनी त्या आनंदात बाहेर जाऊन तवा रोटी खाल्ली.

चाचणी करून काकांची सही घ्यायला शेंद्र्याला गेले, त्या दिवसाचा प्रत्येक तास मला आठवतो. गेटवर वॉचमननं लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला. ‘‘मॅडम, इसका नंबर इधर लिखो, और ये पंखा वापस लेके जाओगे क्या?’’ म्हटलं, नाही भाऊ, पंखा तुमचाच आहे. आत काकांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या पद्धतीनं सगळा प्रोग्राम बांधायला घेतला. आमचा लिंकर एकदाही अडला नाही, त्यानं एकही चूक दाखवली नाही. मला इतका चेव आला, की मी म्हणून गेले, ‘‘काका, आमच्या लिंकरनं बांधलेली फाइल तुमच्या जुन्या लिंकरच्या फायलीपेक्षा थोडी लहानसुद्धा झालीय.’’

काका म्हणाले, ‘‘लहान? का?’’

फाइल चिपमध्ये गेली. बटण दाबलं. पंखा ढिम्म. परत दाबलं. काकांनी पात्याला बोट लावून बघितलं, ते मोकळं फिरत होतं. साहेबांना काय सांगायचं याचा विचारही नाही आला. सामान बांधायला खोकी कुठून आणायची, एवढंच डोक्यात आलं.

काकांनी घड्याळाकडं बघितलं. ‘‘मी जेवून घेतो. माझं जेवण व्हईस्तोवर बघा काय व्हतंय ते. नंतर मला दुसरीकडं जायचंय.’’ आणि ते तिथंच समोरच्या टेबलावर डबा उघडून बसले.

मी आमच्या लिंकरनं केलेली यादी उघडली, कोण कुठं बसलंय याची. पहिली जागा ज्या तक्त्याची, तोच नाही. चिपला वीज मिळाली की ती सगळ्यात आधी हा छोटा तक्ता वाचते, पुढं कुठं जायचं ते त्यात असतं. आमच्या लिंकरला सफाईची सवय आहे. ज्या तुकड्याला दुसरा कुठलाच तुकडा हाक मारत नाही, तो फुकटचा समजून टाकून द्यायचा. या तक्त्याला कोण हाक मारणार? तो वाचते थेट चिप. काकांनी म्हणूनच त्याला ‘कीप’ लावलं होतं, आणि तोच शब्द मी बाईसाहेबांनी रागारागानं ओलांडून टाकला होता. कारखान्यात सफाई कायम चालू. माझ्या टेबलावर मी ती बंद ठेवली होती, चुका शोधायला बरं पडतं म्हणून. वर फाइल लहान झाल्याची फुशारकी. त्या क्षणी स्वतःला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

काम पंधरा-वीस ओळींचं होतं. ‘कीप’ लिहिलेले तुकडे सफाईच्या आधीच बाजूला काढून ठेवायचे. पण घाईत एक कंस विसरला, तो शोधण्यात काकांची पहिली भाकरी संपली. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा मी लिंकर पुन्हा बांधायला घातला. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि मी काकांच्या घासांकडं बघत होते. भाकरी संपली. त्यांनी डब्यात बघितलं, मग शेजारच्या टेबलावर हाक मारली, ‘‘आज भूक लई हाय. एक भाकर द्या बरं इकडं.’’ ती तिसरी भाकरी त्यांनी इतकी चावून चावून खाल्ली, की तेवढ्या वेळात माझं काम झालं. त्यांना खरंच भूक होती का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पंखा फिरला. काकांनी हात धुतले, डोळे मिटून आवाज ऐकला, तापमान वाढवून, कमी करून बघितलं. ‘‘माझ्या फायलीत काय बदललं?’’

‘‘एक अक्षर नाही.’’

‘‘मग ठीक,’’ म्हणाले आणि कागदावर सही केली.

गेटच्या बाहेर येऊन मी गुरुजींना फोन लावला. शाळेच्या वेळात ते कधीच उचलत नाहीत, आज पहिल्या रिंगला उचलला. मागं चौथीचा गोंगाट. म्हटलं, ‘‘झालं. सही झाली. ऑफिस राहतंय.’’

ते म्हणाले, ‘‘मग मी हा फॉर्म बंद करतो.’’

‘‘कसला फॉर्म?’’

‘‘पुणे जिल्ह्यात बदलीचा. आज शेवटची तारीख हाय. सकाळपासून भरून ठेवलाय, नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. तुझ्या फोनची वाट बघत होतो.’’

जिल्हा बदलला की मास्तरांची ज्येष्ठता शून्यावर येते. अकरा वर्षांची. त्या शाळेत चारच पोरं येत होती तेव्हापासूनची, घरोघरी फिरून पोरं गोळा केल्याची. या माणसानं मला अवाक्षर कळू दिलं नव्हतं, उलट रोज चहा टाकून ओळी मोजत बसला होता. मी अशी चिडले, की शेंद्र्याच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मला विचारायचं नाही का, शाळेचं काय केलं असतं, असं एका दमात बोलत सुटले आणि मधेच रडायला लागले. सही झाल्यावर नव्हतं आलं इतकं रडू आलं. ‘‘दाबू नका ते बटण,’’ एवढंच शेवटी बोलता आलं.

‘‘नाय दाबत,’’ ते म्हणाले. ‘‘पण रडणं आवर आता. फोन स्पीकरवर हाय, आणि अख्खी चौथी माझ्या तोंडाकडं बघतीय. माझेबी डोळे भरलेत ना.’’