बटणावरचं टोपण

नवा कीबोर्ड टेबलावर आला की ताई आधी केसांतली पिन काढत आणि ‘इन्सर्ट’चं बटण उपटून टाकत. ते चुकून दाबलं गेलं, तर मधे एखादा शब्द घालताना पुढची अक्षरं नाहीशी होत. ‘‘खादाड आहे मेलं,’’ त्या म्हणत. उपटलेली बटणं त्यांच्या खणात, बडीशेपेच्या डबीत असत.

धरमपेठेतल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ताई जिल्ह्याचं पान पाहत. उमरेडचे वार्ताहर टायपिंग कधी शिकले नाहीत. ते फोनवरून बातमी सांगत; ताई मान तिरपी करून फोन खांद्याशी धरत आणि टाईप करत. बाकी सगळ्यांसाठी ही पद्धत बंद झाली होती.

मग लॅपटॉप आले. त्यांत खोडायच्या बटणाला लागूनच लॅपटॉप बंद करायचं बटण होतं. एका संध्याकाळी उमरेडची बातमी संपत आली असताना ताई एक अक्षर खोडायला गेल्या आणि पडदा काळा झाला. सगळा मजकूर गेला.

‘‘भाऊ, पयलेपासून सांगा.’’

‘‘काहून ताई? झोप लागली का?’’

‘‘मले नाही, या डब्याले लागली.’’

पान उशिरा गेलं. संपादकांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर उमरेडला त्यांच्या जागी टाईप करणारा माणूस नेमू. ताईंनी हे वार्ताहरांना कधीच कळू दिलं नाही. त्या बटणाचं सेटिंग बदलायची परवानगी नव्हती. ‘‘सवय करा मॅडम,’’ तंत्रज्ञ म्हणाला.

‘‘करून राहिली ना बाप्पा! पण दिव्याच्या बटणाले लागून कोणी घराचं मेन स्विच लावते का?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी टूथपेस्टचं टोपण आणलं आणि एका बाजूनं चिकटपट्टी लावून त्या बटणावर बसवलं. सकाळी टोपण उचलून लॅपटॉप सुरू, जाताना उचलून बंद. डेस्कवरचे सगळे हसले. पान मात्र पुन्हा अडकलं नाही.

ताई निवृत्त झाल्या की फोनवरच्या बातम्या बंद होणार, असं ठरलं. हे ठरल्याचं मात्र उमरेडच्या वार्ताहरांनाही समजलं होतं. शेवटच्या दिवशी हातात पुष्पगुच्छ असल्यानं त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि टोपण उचललं.

‘‘भाऊ, आता बंद करून राहिली. काही राहिलं का?’’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

‘‘राहिलं ना ताई. बसा. बसस्टँडवर पाण्याची नवी टाकी बसवली.’’

ती बातमी मागच्याच आठवड्यात छापून आली होती. ताईंनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला, टोपण पुन्हा लावलं, फोन खांद्याशी धरला आणि म्हणाल्या, ‘‘हं, सांगा.’’