नऊ झेंड्यांवरची कोर

आधी कबूल करून टाकते. एका सकाळी मी सिंगापूरचे नऊ राष्ट्रध्वज पाठ बाहेर आणि पोट आत करून बांधले. चुकून नव्हे हं. विचार करून, पंचांग बघून, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून.

तेव्हा मी पस्तिशीची होते. आज ती बाई आठवली की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो आणि एक चापटही ठेवून द्यावीशी वाटते. कपाळावर रेखीव चंद्रकोर, आणि डोक्यात ही खात्री की जगात जे काही आहे ते आपण हात लावला तर थोडं बरं होईल. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. म्हणजे सुधारायला घरात तोही नसे. मग उरलेलं जग होतंच.

टॅम्पिनीस भागातल्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर नऊ घरं. ऑगस्ट आला की राष्ट्रीय दिनासाठी प्रत्येक घरापुढे, कॉरिडॉरच्या कठड्याबाहेर, झेंडा बांधायचा. हे काम शेजारच्या टीचरचं. त्या निवृत्त शिक्षिका. दोन झेंड्यांमधलं अंतर टेप लावून मोजायच्या. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला आणि त्यांनी झेंड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. कोपऱ्यावरच्या आंटीने माझ्यासमोरच नाक मुरडलं.

"ही नवीन, लाह. या वर्षी बघू दे तिला. पुढच्या वर्षी बांधेल."

"ती नीट बांधेल," टीचर म्हणाल्या. "मी सांगते ना."

(बोलणं सगळं इंग्रजीत. मी मराठीत आणलंय. 'लाह' हा तिथला वाक्याच्या शेवटी लावायचा नुसता हेल, तेवढा त्यांचाच ठेवलाय.)

दोन वर्षं त्या मजल्यावर माझी ओळख 'हिंगाच्या वासाचं घर' एवढीच होती. आणि आता अख्ख्या मजल्याचे झेंडे माझ्याकडे! सकाळी अकराला खालच्या हिरवळीवरून संपूर्ण ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, फोटो निघणार होता. मी पहाटे उठून, आंघोळ करून, सणासारखी तयार झाले. मुलीच्या शाळेतलं माहितीपत्रक टेबलावर पडलं होतं, तेही वाचून घेतलं. लाल म्हणजे माणसामाणसांतली समता आणि बंधुभाव. पांढरा म्हणजे कायमचं पावित्र्य. पाच तारे म्हणजे लोकशाही, शांतता, प्रगती, न्याय, समता. आणि चंद्रकोर म्हणजे वर चढत जाणारं तरुण राष्ट्र.

वर चढत जाणारं? मी झेंडा पलंगावर पसरला. कोर डावीकडे फुगलेली! आमच्या आजीने अंगणात बोट धरून शिकवलं होतं, उजवीकडे फुगलेला तो शुक्ल पक्षातला वाढता चंद्र, डावीकडे फुगलेला तो वद्यातला. म्हणजे हे तरुण राष्ट्र अमावास्येकडे निघालं होतं आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! मी झेंडा पालथा केला. कोर उजवीकडे आली. झाला की चंद्र वाढता!

दहा वर्षांची लेक ब्रश करता करता बघत होती. "आई, नो लाह. शाळेत असं नाही लावत."

"तुझ्या शाळेत पंचांग लावलंय का भिंतीवर?"

ती चूळ भरायला गेली. नऊच्या नऊ झेंडे मी पालथे बांधले. चारही कोपऱ्यांना गाठी, टेप लावून समान अंतर. अंतरात मात्र सूतभर चूक नव्हती!

अकराला सगळा ब्लॉक हिरवळीवर जमला. मी मान वर केली आणि माझं मलाच दिसलं. सहाव्या मजल्यावर कोर डावीकडे. आठव्यावर डावीकडे. मधल्या आमच्या रांगेत नऊच्या नऊ उजवीकडे, जणू एकच मजला आरशात राहायला गेलाय. कोपऱ्यावरच्या आंटीने टीचरकडे बघितलं. टीचरांचा चेहरा लाल झाला. हिंगाचा वास परवडला. त्यांनी माझ्यासाठी टाकलेला शब्द मी सगळ्यांसमोर पालथा टांगला होता.

"चूक माझी. मी नीट सांगितलं नाही," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "पंधरा मिनिटं द्या."

आणि सुजलेल्या गुडघ्याने लिफ्टकडे निघाल्या. मी मागे धावले. नऊ झेंडे, छत्तीस गाठी. कोपऱ्यावरची आंटीही आली, कात्री घेऊन. माझ्या गाठी सुटतच नव्हत्या. फोटोत मी कडेला आहे, डोळे सुजलेले.

संध्याकाळी साडेसातला टीचरनी दार वाजवलं. "आता सांग. का केलंस?"

मी सगळं सांगितलं. आजी, अंगण, पंधरवडे, अमावास्येकडे निघालेलं राष्ट्र. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला कॉरिडॉरच्या पश्चिमेच्या टोकाला नेलं. त्या दिवशी शुक्ल तृतीया होती, मी सकाळी पंचांगात बघितलेलीच. ब्लॉकांच्या वर कोर होती. पण डावीकडे फुगलेली नाही, उजवीकडेही नाही. जवळजवळ पाठीवर पडलेली, टोकं वर, होडीसारखी.

"इथे चंद्र असा वाढतो," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपाळाकडे बोट करून, "रोज लावतेस की. ही कुठल्या बाजूची?"

दोन वर्षं मी त्या देशाचा चंद्र कपाळावर घेऊन फिरत होते आणि आकाशाकडे एकदाही धड बघितलं नव्हतं! मला हसू फुटलं, आणि मग रडूही.

"पुन्हा मला कुणी काही सोपवणार नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून आपला लाल पासपोर्ट काढला. कधीकाळी त्या मलेशियातल्या मलाक्क्याहून लग्न होऊन इथे आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मुखपृष्ठावर सोनेरी राजचिन्ह होतं. मध्ये ढाल, ढालीवर तीच कोर आणि पाच तारे. डावीकडून ती सिंहाने धरलेली, तो सिंगापूरचा. उजवीकडून वाघाने, तो पलीकडच्या मलय मुलखाशी असलेल्या जुन्या नात्याचा.

आता माझी नात शाळेसाठी हेच चिन्ह रंगवते. वाघाचे पट्टे भरताना दर वेळी विचारते, "आजी, टीचर काय म्हणाल्या, सांग ना!" आणि मी वाघावर बोट ठेवून, त्यांनी ठेवलं होतं तसंच, सांगते:

"हा वाघ पण बाहेरचाच, तुझ्यामाझ्यासारखा. त्याला ढाल धरायला दिली, त्याने धरली. सुधारायला नाही घेतली, लाह. पुढच्या वर्षी पिशवी तुझ्याकडेच."