कापसाचा गोग्रास

मंडळी, आठ दिवसांपूर्वी दत्तक घेतलेल्या आमच्या सशाने, म्हणजे कापसाने, कालपासून खाणं सोडलं होतं. लेंड्याही बंद. सकाळीच सानपाड्यात डॉक्टरांकडे धावलो.

"गवत-पाल्याशिवाय काय दिलंत?"

"काहीच नाही!" मी ठणकावून सांगितलं.

शेजारी सासूबाई पुटपुटल्या, "मी रोज गोग्रास देते. गूळ-पोळी. सोसायटीत गाय कुठून आणू?"

इंजेक्शन झालं. दुपारी चार लेंड्या दिसल्या आणि मला पेढे वाटावेसे वाटले. मग घरात स्पष्ट सांगितलं, "पोळी बंद, गूळ बंद. कुणाला राग आला तरी चालेल."

आत्ता पाहिलं, तर गोग्रासाच्या ताटलीत सासूबाईंनी मूठभर सुकं गवत ठेवलंय, वर तुळशीचं पान.

तुमच्याकडे असं कोण लपून लाड करतं?