वापरलेला, चालू स्थितीत

लोक वरच्या खिशात पेन ठेवतात, माझा धाकटा भाऊ छोटी चौकोनी बॅटरी ठेवतो. स्पीकरच्या मागच्या दोन टोकांना ती क्षणभर टेकवली की आतला कागदाचा पडदा टपकन पुढे येतो. आला तर स्पीकर जिवंत, नाही आला तर मेलेला. परक्याच्या घरी पाण्याचा ग्लास हातात येण्याआधी याची बॅटरी बाहेर आलेली मी कितीदा पाहिली आहे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बँडमधले लोक त्याला शंकासुर म्हणतात. दिवसा तो विजेचे मीटर तपासतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या थापा ऐकतो, आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी ती गिटार. ती वाजतेय हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण थांबली की गाणं उघडं पडतं. सामान मात्र तो कधी नवं घेत नाही. इंटरनेटवरच्या जाहिराती बघून सगळं दुसऱ्याचं वापरलेलं. परवडत नाही असं नाही. माझं मत असं की नव्या वस्तूवर संशय घ्यायला पुरेशी जागा नसते, म्हणून साहेबांना गोडी नाही.

वापरलेली वस्तू आणायला गाडी लागते. माझा पुठ्ठ्याची खोकी पोचवण्याचा धंदा आहे, छोटा टेम्पो मी स्वतः चालवते. त्यामुळे त्याच्या सगळ्या स्वाऱ्यांत सारथी मीच.

त्याची तपासणी बघण्यासारखी असते. आधी स्क्रूंची डोकी. ती खरवडलेली असली की कुणीतरी पेटी उघडली होती. मग पेटीच्या भोकाला नाक लावून वास घ्यायचा, आतली तार जळलेली असेल तर कळतं. मग टॉर्च. गिटार असली तर एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे का ते बघायचं, सुतार फळी बघतो तसं. शेवटी वाजवून बघायचं, तेही स्वतःच्या वायरने. "विकणाऱ्याची वायर म्हणजे विकणाऱ्याचा वकील," असं तो म्हणतो.

आणि दोष सापडला की त्याचा एक नियम आहे. एका वेळी एकच वस्तू बदलायची. वायर बदल, ऐक. गिटार बदल, ऐक. मग अँप्लिफायर, मग स्पीकर. जी वस्तू बदलल्यावर दोष जातो, ती चोर. "यातून कुणी सुटत नाही, ताई," हे तो अशा काही समाधानाने सांगायचा की वाटे, लग्नासाठी मुलीही याने अशाच बघितल्या असणार. तिथे मात्र कुणीच पसंत पडली नाही.

गेल्या वर्षभरात त्याला एका फरफरीने पछाडलं होतं. सगळ्यात जाड तार जोरात वाजवली की आवाजाला फरफर येते म्हणे, फाटक्या कागदावर फुंकर मारल्यासारखी. मला काही ऐकू येत नव्हतं. मी तसं तोंडावर सांगायची, तर उत्तर यायचं, "तुझे कान दाराची बेल ऐकण्यापुरतेच आहेत." त्याने तारा बदलल्या, फरफर राहिली. अँप्लिफायर बदलला, राहिली. शेवटी त्याची लाडकी जुनी स्पीकरची पेटी मातीमोल भावात विकली. घेणाऱ्याला दोष आधी सांगितला, कारण दोष लपवून विकणाऱ्यांचा त्याला भयंकर तिटकारा. त्या माणसाचा आठवड्याने निरोप आला, पेटी झकास वाजतेय, फरफर कुठेच नाही.

"बहिरा असेल," भाऊ म्हणाला आणि नवी जुनी पेटी शोधायला लागला.

त्यानंतर आम्ही किती घरांचे जिने चढलो आणि उतरलो त्याला गणती नाही. प्रत्येक ठिकाणी फरफर. प्रत्येक विकणारा चोर. "सगळे मिळून फाटके स्पीकर माझ्याच गळ्यात मारायला बसलेत," असं तो गाडीत म्हणायचा, आणि मी गिअर जरा जास्तच जोरात टाकायची.

हे सगळं गमतीवारी नेता आलं असतं, पण फरफर लपवायला तो कार्यक्रमात आवाज कमी करून वाजवायला लागला. बँडचे म्होरके ड्रम वाजवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वर्षानुवर्षं माझा भाऊ त्यांच्या शेजारी उभा राहिलेला. त्यांनी दोनदा सांभाळून घेतलं आणि मग स्पष्ट सांगितलं, "मोठ्या हॉलचा कार्यक्रम येतोय. तुझा आवाज भरून आणि स्वच्छ आला नाही, तर बेस की-बोर्डवाल्याकडून वाजवून घेईन. मग पुढेही तसंच चालू राहील." हे सांगताना भाऊ माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता आणि हातातली बॅटरी उगाच उलटीपालटी करत होता. बायको नाही, मुलं नाहीत, मीटरच्या नोकरीत दारोदार तिरस्कार. त्याच्याकडे आपलं म्हणावं असं बँडखेरीज काही नव्हतं. मला त्याची फार काळजी वाटली. त्याला तसं दाखवलं असतं, तर त्यातही त्याला काहीतरी डाव दिसला असता.

अशात ती जाहिरात आली. बेसची पेटी, फोटो लख्ख, किंमत रास्त, विकणाऱ्याचं नाव नाही, खाली एकच ओळ: 'बघून घ्या, नंतर कटकट नको.'

"कुठेतरी पाणी मुरतंय," भाऊ म्हणाला. "इतका स्वच्छ फोटो कोण काढतं?"

पत्ता एका लाँड्रीचा निघाला. दार साखळी न काढता बोटभर उघडलं आणि फटीतून एका बाईने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पन्नाशीच्या आसपासची, चष्मा डोक्यावर चढवलेला.

"पेटी बघायला आलोय," भाऊ म्हणाला. "तुमच्या मिस्टरांची का?"

"मिस्टरांना शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही. माझी आहे."

"का विकताय?"

"मोठी घेतली. ही पायात येते."

इतकं साधं कारण ऐकून भावाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हे मला त्याच्या मानेवरूनच कळलं. पण आज गाठ सव्वाशेराशी होती. "गेल्या वेळी एकजण बघायला आला आणि माझी वायर खिशात घालून गेला," बाई म्हणाल्या. "तुमची पिशवी दाराशी राहू दे. आणि आधी वाजवून दाखवा, खरंच वाजवता येतं की नुसतेच हिंडता ते कळू दे."

दोघंही एकमेकांकडे असे बघत होते, जणू समोरचा घरातली भांडी उचलून पळणार आहे. मला हसू आवरेना. साखळी निघाली तशी मी आत जाऊन एका स्टुलावर बसून घेतलं.

मागच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले कपडे ओळीने टांगले होते, इस्त्रीचा उबट वास भरला होता. स्क्रू झाले, वास झाला, टॉर्च झाला, बॅटरी लावली, पडदा टपकन पुढे आला. मग त्याने गिटार जोडून जाड तार छेडली. माझ्या बुडाखालचं स्टूल थरथरलं. इतका गोल, गुबगुबीत आवाज मी त्याच्या हातून वर्षभरात ऐकला नव्हता.

"फरफरतोय," भाऊ म्हणाला.

"काय फरफरतोय?"

"स्पीकर. फाटलाय कुठेतरी."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हँगर वाजत असतील." दोघांनी मिळून सगळे कपडे उतरवले आणि माझ्या मांडीवर रचले. तार छेडली. फरफर आहेच. बाईंनी स्वतःची वायर दिली. आहेच. बाईंनी स्वतःची गिटार आणली. आहेच. मग त्यांनी नव्या मोठ्या पेटीला ती जोडली.

"हीसुद्धा फरफरतेय," भाऊ म्हणाला.

"ही मी दुकानातून नवी कोरी आणलीय!"

"तुम्हालाही फसवलं मग."

झालं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुम्हाला घ्यायची नाही तर नका घेऊ, पण माझ्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. आक्का, तुम्हाला येतेय का ऐकू?"

"मला आजवर एकदाही आलेली नाही," मी म्हणाले. कपड्यांच्या ढिगाआडून मला नीट दिसतही नव्हतं.

"तिच्या कानांचं सोडा," भाऊ म्हणाला आणि बाईंची गिटार गळ्यातून काढून माझ्याकडे दिली. एवढ्यात त्याचा फोन वाजला. मास्तर. तो खोलीच्या दाराशी गेला, फोन उजव्या कानाला लावला. आधी तो फोन डावीकडे धरायचा, कधी बदललं कोण जाणे. मास्तरांचा आवाज मलाही ऐकू येत होता, ते ड्रमच्या मापानेच बोलतात. "पेटी मिळाली का? हो की नाही तेवढं सांग, मला की-बोर्डवाल्याला कळवायचंय."

"आहे ना, एक बघतोय," भाऊ पडेल आवाजात म्हणाला.

कपडे बाजूला सारून मी आयुष्यात पहिल्यांदा गिटार मांडीवर घेतली होती. काही सुचत नव्हतं, त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. उगाच हाताला चाळा म्हणून मी जाड तार ओढली. खोली घुमली. फोन नीट ऐकू यावा म्हणून त्याने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि माझ्यावर डोळे वटारले.

मग ते वटारलेले डोळे तसेच राहिले. त्याने फोन हळूच खाली घेतला. डाव्या कानातलं बोट तिथेच होतं.

"ताई, परत वाजव."

मी वाजवली. तो ऐकत राहिला. मग बोट काढलं. "परत." मग बोट घातलं. "परत." हातातल्या फोनमधून मास्तर हॅलो हॅलो करत होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्याच्याकडे. त्याला तपासणी करताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. चोर सापडला की त्याच्या चेहऱ्यावर एक तकाकी यायची. या वेळी चोर सापडला आणि तो लहान दिसायला लागला, पूर्वी शाळेतून मार खाऊन यायचा तसा.

"सगळं बदलून बघितलं मी," तो म्हणाला. "वर्षभर. हाच तेवढा राहिला."

बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, आणि पाणी आणलं. या खेपेस त्याने ते घेतलं.

कानाचे डॉक्टर काय सांगणार ते त्यालाच आधी कळलं होतं. ड्रमच्या शेजारी डावी बाजू करून उभं राहण्यात कान गेला, झालं ते भरून येणार नाही, उजवा तरी जपा, वाजवताना दोन्ही कानांत बोळे घाला. बोळे घातले की फरफर जाते, पण मग आवाज किती आणि कसा लागतोय ते त्याला नीट कळत नाही. म्हणजे शंकासुराला आता दुसऱ्याच्या शब्दावर वाजवावं लागणार होतं. दवाखान्यातून येताना गाडीत त्याने कुणालाही चोर म्हटलं नाही. मीही पहिल्यांदाच गिअर हळू टाकले.

"मास्तरांना काही सांगू नकोस," मी म्हणाले. माझं मन बहिणीचं. "पेटी चांगली मिळालीय. बोळे काय, कुणाला दिसतात?"

"दोष लपवून विकू?" तो म्हणाला. मग त्याने फोन काढला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. सिग्नलला थांबलो तेव्हा मला वाचायला दिलं.

'बेसवाला. वापरलेला. डावा कान कामातून गेलेला, मोठ्या आवाजाला फरफरतो, दुरुस्त होणार नाही. आवाजाचा अंदाज दुसऱ्याने सांगावा लागेल. बाकी चालू स्थितीत. बघून घ्या.'

मला समोरचा रस्ता दिसेना. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "पाठवू?" त्याने विचारलं. मी मान डोलावली.

उत्तर लगेच आलं नाही. तो दर वळणाला फोन बघत होता. घराच्या दारात गाडी लावली तेव्हा मास्तरांचं आलं: 'वाजवून बघू. आवाज सांगायला कोण येणार?'

हॉलच्या दिवशी मी शेवटच्या रांगेच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. माझं काम एवढंच, आवाज कमी वाटला तर हात वर, जास्त वाटला तर खाली. लाँड्रीवाल्या बाई माझ्या शेजारी. आपली पेटी नीट हाताळतात की नाही ते बघायला आल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. पहिलं गाणं सुरू झालं. भाऊ दोन्ही कानांत बोळे घालून जुन्याच जागी उभा होता, पण आता मास्तरांकडे डावी बाजू करून नाही, त्यांच्याकडे तोंड करून. दोन ओळी झाल्या आणि त्याने मान वळवून मला शोधलं. मला आवाज जरा कमी वाटला. दाराच्या बेलपुरतेच कान माझे, तरी मी हात वर केला.

तो क्षणभर तसाच बघत राहिला. मला वाटलं, आता हा बोळे काढून स्वतः ऐकणार. त्याने बटणाला हात घातला, मी दाखवलं तेवढं वर फिरवलं, आणि पुन्हा वाजवायला लागला.